कॉलर कोण लावणार?

किल्ट कॅमेऱ्यात दिसणारच नव्हता. लॅपटॉपच्या चौकटीत नवरदेव छातीपासून वरच दिसणार, म्हणजे सगळी मदार कॉलरवर. आणि कॉलरवरच कुणाचं एकमत होत नव्हतं.

लायडनमधल्या शर्टांच्या एका छोट्या दुकानात मी पॅटर्न कटर आहे. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापावरून कागदाचे साचे करायचे आणि त्यावरून कापड कापायचं. काम पुण्यात शिकले, पोट इथे भरते. लॉकडाऊनमध्ये दुकान जवळजवळ झोपलेलं होतं. एका वेळी एकच अपॉइंटमेंट, तोंडावर मास्क, खिडक्या उघड्या, बोटं गार. लग्नं पुढे ढकललेली, ऑफिसं घरात शिरलेली. पायजम्यावर मीटिंग करणारा माणूस शर्ट कशाला शिवेल? त्यामुळे इवन आला तेव्हा माझा मालक हेंक आणि मी त्याच्याकडे दिवाळसणाला आलेल्या जावयासारखं बघत होतो.

इवन मूळचा स्कॉटलंडचा. सोबत होणारी बायको, मृण्मयी, पुण्याची, इथल्या सायन्स पार्कमधल्या एका लॅबमध्ये काम करणारी. सकाळी खमेंटेमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, सह्या करायच्या आणि दुपारी घरी हार घालायचे, असा बेत होता. दोन्हीकडच्या घरच्यांना येता येणार नव्हतं. स्कॉटलंडहून फक्त एक पार्सल आलं होतं. त्यात इवनच्या दिवंगत वडिलांचा किल्ट होता, तो चौकड्यांचा, मागे चुण्या असलेला, कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा लोकरी पोशाख, आणि चांदीच्या बटणांचं आखूड काळं जॅकेट. वडिलांचा शर्ट मात्र इवनच्या गळ्याला बसेना. तो आम्ही करायचा होता.

"लग्न सकाळी ना? मग विंग कॉलर नाही," हेंकने निकाल दिला.

विंग कॉलर म्हणजे ताठ उभी पट्टी आणि समोरची दोन टोकं बाहेर वळलेली. त्यावर बो टाय. ती संध्याकाळची. दिवसा आपली ऑफिसच्या शर्टाची असते तशी साधी, खाली दुमडलेली कॉलर. हेंक अशा बाबतीत अगदी सोवळा आहे.

"आईला विंगच हवी आहे," इवन म्हणाला. "बाबा तीच घालायचे."

"आणि हार?" मृण्मयी म्हणाली. "हार घातल्याशिवाय लग्न लागलं असं माझी आई मानणारच नाही."

हाराचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या अपॉइंटमेंटला मी सुपरमार्केटमधली शेवंती आणली, जाड दोऱ्यात ओवली आणि नमुन्याच्या विंग कॉलरवर इवनच्या गळ्यात घातली. व्हायचं तेच झालं. हाराने पट्टी मागून ओढली, टोकं वर उठून हनुवटीत घुसली आणि बो तिरका झाला. मृण्मयीची आई, शुभाताई, फोनवरून बघत होत्या.

"अहो वैशालीताई, टोचतंय जावयाला! साधी कॉलर करा."

"इवनच्या आईला विंग हवी आहे."

"मग विहीणबाईंना तुम्हीच समजवा ना. आम्ही मुलीकडचे, आम्ही कसं बोलायचं?"

इवन म्हणाला, आईला नाही म्हणणं त्याला जमणार नाही. मृण्मयी म्हणाली, सून व्हायच्या आधीच वाईटपणा नको. हेंक म्हणाला, संध्याकाळी लग्न करा. माझं डोकं फिरलं.

"तुझ्या आईला विंग का हवी, हे कुणी विचारलंय?" मी इवनला विचारलं.

कुणीच विचारलं नव्हतं. आईच्या मेसेजमधल्या एका ओळीवर सगळे भांडत होते.

इवनने तिथूनच व्हिडिओ फोन लावला. त्याची आई, मोइराबाई, स्वयंपाकघरात बसल्या होत्या. केस स्वतःच कापलेले दिसत होते. मी त्यांना हार दाखवला, उठलेली टोकं दाखवली आणि सरळ विचारलं, "साध्या कॉलरवर हार छान बसतो. तुम्हाला विंगच का हवी? रुबाबदार दिसते म्हणून?"

"रुबाबदार?" त्या हसल्या. "इवनचे बाबा त्यात कोंबड्यासारखे दिसायचे."

मग म्हणाल्या, "त्यांची कॉलर शर्टाला शिवलेली नव्हती. वेगळी होती, स्टडने, सुट्या बटणांनी लावायची. त्यांची बोटं जाड, त्यांना ते कधी जमलं नाही. प्रत्येक लग्नाला मीच लावून द्यायचे. इवनलाही मीच लावणार होते."

एवढं बोलून त्या किटलीकडे वळल्या आणि बराच वेळ वळलेल्याच राहिल्या. मला भरून आलं. मास्कचा तेवढा एक फायदा.

आम्ही आपले दिसण्यावर वाद घालत होतो आणि त्या बाईला हवं होतं हातांना काम. आता आम्ही दाखवत होतो तो शर्ट तर कॉलर शिवलेलाच होता. तो अंगात घातला, बटणं लावली की झालं, आई नसली तरी काही अडत नाही. तिला नेमकं तेच नको होतं.

मग मी जुनी पद्धत काढली. शर्टाला गळ्याशी नुसती अरुंद पट्टी आणि वरून लावायच्या दोन सुट्या कॉलर. एक विंग, दुहेरी बकरम घालून ताठ केलेली. दुसरी साधी, मऊ. खमेंटेत विंग, घरी हाराच्या वेळी साधी. पट्टीत आणि कॉलरमध्ये काजं, त्यातून स्टड आरपार. स्टड म्हणजे धातूचं सुटं बटण, एक मागे मानेशी आणि एक पुढे.

"पण सकाळी विंग?" हेंकचं चालूच होतं.

"रात्री कर्फ्यू आहे, हेंक. संध्याकाळच्या पार्ट्याच बंद, तर संध्याकाळचे नियम कुणासाठी?"

हेंक आत गेला. थोड्या वेळाने त्याने आपल्या वडिलांचे पितळी स्टड आणून माझ्या टेबलावर ठेवले.

लग्नाच्या सकाळी फोन आला. स्क्रीनवर चार चौकटी होत्या. पुण्यात शुभाताई, स्कॉटलंडात मोइराबाई, माझ्या घरी मी आणि चौथ्या चौकटीत लाल झालेला इवन. मृण्मयी नऊवारी नेसून त्याच्या गळ्याशी झटत होती. पुढचा स्टड काजातून जाईना. दुहेरी बकरम मीच घातलं होतं, काज घट्ट झालं होतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मुकाट्याने मिटलं. मला ओळखणाऱ्यांना यातले कष्ट कळतील.

"इवन, हनुवटी वर," मोइराबाई म्हणाल्या. "मृण्मयी, अंगठा कॉलरच्या आत घाल, म्हणजे त्याला टोचणार नाही. हं. आता स्टड ढकलू नकोस. तो धरून ठेव आणि कॉलर त्याच्यावर ओढ."

बोलताना त्यांची बोटं समोरच्या हवेत चालत होती. अंगठा आत, दोन बोटं बाहेर. मृण्मयीची बोटं तशीच चालली. स्टड बसला.

मोइराबाईंनी हात खाली घेतले. "झालं. यापुढे हे काम तुझं."

"काय हो म्हणाल्या विहीणबाई?" शुभाताईंनी विचारलं. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, पण तेव्हा त्या पदराने डोळे पुसत होत्या.

"सुनेला घरात घेतलं," मी म्हणाले.

दुपारी साध्या कॉलरवर हार छान बसला. कुणाला काही टोचलं नाही. किल्ट दिसावा म्हणून मोइराबाईंनी लॅपटॉप जमिनीवर ठेवायला लावला, तेव्हा पुण्याला अर्धा तास नुसते गुडघे दिसले.

तेव्हापासून फॉर्मल शर्टाची ऑर्डर घेताना मी दोन प्रश्न विचारते. गळा किती, आणि सकाळी कॉलर लावायला कोण आहे? दुसऱ्याचं उत्तर "कुणी नाही" असं आलं, तर शिवलेली कॉलर करते. पण बहुतेकजण जरा विचार करतात आणि कुणाचं तरी नाव सांगतात.