बुखारीची गाठ

लडाखमधल्या आमच्या लष्करी वर्कशॉपमध्ये एकच बुखारी होती, म्हणजे खोली गरम ठेवणारी रॉकेलची लोखंडी शेगडी. तिची सर्व्हिस माझ्याहून जास्त. सकाळी फॉल-इनच्या, म्हणजे हजेरीच्या, आधी ती पेटवायचं काम नायक हरेशचं. मी हवालदार, मुलुंडचा. तो खारदांड्याचा कोळी. रोज तिची मनधरणी करायचा, "पेट ना गं बाय, किती नखरे!" पेटली की आम्हाला पुढे सरकवून स्वतः दारापाशी बसायचा. आम्ही शहाणेही निमूट सरकायचो.

जानेवारीत वरच्या पोस्टवर एका जवानाच्या फुप्फुसांत पाणी झालं. हवा खराब, हेलिकॉप्टर बंद. अ‍ॅम्ब्युलन्सचा डिझेल पंप आमच्या टेबलावर उघडा. नेमका तेव्हाच बुखारीच्या टाकीचा ब्रॅकेट तुटला. रॉकेल सांडलं, बुखारी विझवावी लागली. थोड्याच वेळात बोटांत स्क्रूही धरवेना.

वायरलेस खरखरला. "गाडी कधी? ओव्हर."

"काम चालू आहे. ओव्हर."

"दादा, तुम्ही पंप बघा," हरेश म्हणाला. त्याने सांडलेलं पुसून घेतलं आणि बाइंडिंग वायरने तुटका ब्रॅकेट भिंतीच्या अँगलला बांधला. वजन येईल तशी आवळत जाणारी गाठ. "आमची जाळ्याची आहे. मासा सुटत नाय, टाकी काय सुटतेय!"

बुखारी पेटली. दुपारी गाडी निघाली. जवान वाचला. ती गाठ मी हरेशकडून हट्टाने शिकून घेतली.

त्याच हिवाळ्यात अडकलेली गाडी काढायला गेलेला हरेश हिमस्खलनात गेला. तो मला धाकट्या भावासारखा होता.

निवृत्तीनंतर मी खारदांड्याला त्याच्या आईकडे जायला लागलो. ती दर वेळी विचारायची, "माझ्या पोराला थंडी लई वाजली असंल ना रे?" मी नाही म्हणायचो. तिचा विश्वास बसायचा नाही.

गेल्या वर्षी बोंबील वाळवायच्या वलांडीचा बांबू निसटला. मी बांधून दिला. तिने गाठीवरून बोट फिरवलं.

"ही त्याच्या बापाची गाठ. तुला कोनी शिकवली?"

मी बुखारीची सगळी गोष्ट सांगितली.

"मंग ऊब होती तिथं?"

"होती, आई. त्यानेच केलेली."

तिने गाठ एकदा ओढून पाहिली. मग म्हणाली, "चल, जेवून जा."

आता ती थंडीचं विचारत नाही. "ते शेगडीचं सांग," म्हणते. मी "पेट ना गं बाय"पासून सुरू करतो.