फाटकापाशी तानुबाई

मला भोचक म्हणणाऱ्यांत माझी बायको चारुलता पहिली. पोस्टात तेहेतीस वर्षं लोकांची पत्रं नुसती बाहेरून पाहिली, त्याचा वचपा मी निवृत्तीनंतर काढतोय, असं तिचं म्हणणं. म्हणू दे. तानुबाईंची गोष्ट मला त्या भोचकपणामुळेच कळली.

बुलढाणा जिल्ह्याला रेल्वे वरच्या अंगाला जरा शिवून जाते. त्या पट्ट्यातलं आमचं लहानसं स्टेशन. संग्रामपूरकडची माणसंही गाडी धरायला इथंच येतात. स्टेशनाला लागून फाटक होतं, ते दोन वर्षांपूर्वी कायमचं बंद झालं आणि दीड किलोमीटरवर उड्डाणपूल झाला. मोटारीवाल्यांची सोय झाली. पायी चालणाऱ्याचा विचार मात्र कोणी केला नाही. बाजार आणि दवाखाना इकडे, शाळा आणि रेशनचं दुकान तिकडे. मग माणसं फाटकाच्या दांडीखालून वाकून रूळ ओलांडू लागली.

त्या बंद फाटकाशी रोज दुपारी चारला तानुबाई येऊन बसायच्या. वय सत्तरीच्या पुढे. विकायला काही नाही, गाडीनं कोणी यायचं नाही. पलीकडे पाहत बसायच्या आणि वाकून जाणाऱ्या प्रत्येकावर खेकसायच्या, "थांब बे! मालगाडी येऊन राह्यली, समजत नाही काय तुले?" आणि गाडी खरंच यायची. अलीकडच्या बाजूला वळण आणि गोदामाची भिंत. गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मग म्हातारीला आधी कळतं कसं? महिनाभर हे कोडं डोक्यात घोळत होतं. शेवटी न राहवून विचारलं, "तानुबाई, रोज इथं काऊन बसता?"

त्यांनी बोट दाखवलं. रुळांपलीकडे निंबाखाली हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती.

"माही लहान बहीन, वच्छला. फाटक चालू होतं तवा रोज तिच्या घरी चहाले जात होती मी. आता गुडघे गेले. वाकता येत नाही, पुलावरून फिरून चालवत नाही. अन् वच्छला रुळाले भेते. मंग ती तिकडं बसते, मी इकडं."

"फोन आहे की!"

"फोनवर काय बोलाचं, भाऊ? सुनेसमोर?"

हे मला एकदम पटलं. गाडीचं कोडंही तिथंच सुटलं. वळणावरची गाडी पलीकडून लांबून दिसते. ती दिसली की वच्छलाबाई पदर हलवायच्या आणि तानुबाई इकडे ओरडायच्या. दोघींनी मिळून बिनपगारी फाटक चालवलं होतं.

पुढे स्टेशन सुधारायचं काम निघालं. फलाटावर छप्पर, पाण्याचे नळ आणि एक पादचारी पूल, जिन्याबरोबर उतार असलेला. हा पूल पलीकडच्या वस्तीत उतरवायचा की फलाटावरच संपवायचा, एवढं ठरायचं होतं. वस्तीत उतरला तर तानुबाई काठी टेकत रोज बहिणीकडे जाऊ शकणार होत्या. अर्ज मीच लिहून दिला. त्यावरचे अंगठे आणि सह्या त्यांनी घरोघर फिरून आणल्या, त्या गुडघ्यांनी.

आणि एका सोमवारी मोजणीवाले आले. नारिंगी जाकिटं घातलेली तीन माणसं आणि नीरजा नावाच्या तरुण इंजिनिअर बाई. रूळ ओलांडणारी माणसं दोन दिवस मोजायची होती. संध्याकाळी मी अर्थातच जाऊन कागदात डोकावलो. दिवसभरात रूळ ओलांडणारे, सात.

"एवढ्या लोकांसाठी पूल पलीकडे नाही नेता येणार, काका," नीरजाबाई म्हणाल्या.

सात? सात जण तर सकाळी दुधालाच जातात! बाकीचे गेले कुठे? मी तडक बाजारात गेलो. भाजी विकणाऱ्या जनकाबाई घामाघूम होऊन टोपली उतरवत होत्या. "पुलावरून आली बाप्पा. तानुबाईनं सांगतलं ना, रेल्वेवाले पकडाले बसले, दंड करून राह्यले. रुळाकडं फिरकू नका म्हने."

तानुबाई घरी होत्या आणि खुशीत होत्या. "सकाळीच जाकिटं पाह्यली अन् तसाच निरोप धाडला. एका मानसाले जाऊ देल्लं नाही!"

मी खरं काय ते सांगितलं. त्या खालीच बसल्या. "मंग मीच बुडवला काय पूल?"

मला त्यांचा रागही आला आणि भडभडूनही आलं. अख्ख्या वस्तीनं एका म्हातारीचा शब्द ऐकावा, आणि नेमका त्याच दिवशी! मी म्हणालो, "उद्या सांगा, रोजच्यासारखं जा म्हणून."

"मी सांगू? रुळावरून जा म्हनून? अन् कोनी सापडलं तं?"

त्या रात्री झोपल्या की नाही, कुणास ठाऊक. सकाळी फाटकाशी पाहतो तर ही रांग! घरोघर जाऊन त्यांनी माणसं बोलावली होती. ओलांडायचं नाही, नुसतं उभं राहून आपलं सांगायचं. नीरजाबाई आधी बावरल्या. तानुबाईंनी आपली चूक कबूल केली, तेव्हा नीरजाबाईंनी कुणाला तरी फोन केला आणि वेगळा कागद काढला. नाव, काम, दिवसातून किती वेळा.

तानुबाई रांगेवर पोलिसासारख्या फिरत होत्या. "याले काढा, हा मोटरसायकलवर फिरते. तू काऊन आली वं मयुरी, तुयं काय काम हाये तिकडं?" मीही हळूच रांगेत घुसलो होतो. मला तर हाताला धरून बाहेर काढलं. दुपारपर्यंत तीनशे सोळा नावं झाली, सगळी खरी.

"आणि आजी, तुम्ही किती वेळा ओलांडता?"

"मी नाही जात. फाटक बंद झालं तवापासून एक डाव बी गेली नाही."

नीरजाबाईंचं पेन थांबलं. "मग तुमचं नाव नाही घेता येणार मला. हा कागद ओलांडणाऱ्यांचा आहे."

तानुबाईंनी पलीकडे निंबाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "जे भेवानं अन् गुडघ्यानं थांबले, ते कोनं मोजाचे, पोरी?"

मी आयुष्यभर टपालाचे कागद भरले, पण असला प्रश्न मला कधी सुचला नव्हता. नीरजाबाईंनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. "नाव सांगा, आजी."

"दोन लिव," तानुबाई म्हणाल्या. "आंधी वच्छलाचं."