एसटीत मावेल असा रॉड

नदीकाठाला रोज बसणाऱ्या माणसाकडं मासे कमी आणि किस्से जास्त साठतात. मासा काय, घरी नेला की संपला. किस्सा संपत नाही. उलट दरवेळी सांगताना तो थोडा वाढतो, आणि वाढवणारा मी नसतो, आमच्यातला फौजी असतो! लोक म्हणतात, तात्या, लिहून काढा. माझी शाळा चौथीतच सुटली. तेव्हा चुका काढायच्या असतील तर पुढं वाचू नका, मला तुमची गरज नाही.

कराडला संगमाच्या जरा खालच्या अंगाला आमची जागा. आम्ही तिघं. हणमंत फौजी, म्हणजे रिटायर हवालदार. इब्राहिम, पत्र्याच्या पेट्या करणारा. आमच्या भागातनं पलटणीत गेलेली कितीतरी पोरं त्याच्याच हातची काळी ट्रंक डोक्यावर घेऊन गेली. आणि तिसरा मी. हातात कळकाची काठी, गळाला कणकेची गोळी आणि तोंड बंद. असं बसण्यात आमचं म्हातारपण बरं चाललं होतं.

एकदा इब्राहिम गळाला कणीक लावता लावता म्हणाला, "शमीम बोलवाय लागलीया."

शमीम त्याची एकुलती लेक. घाट उतरून गुहागरकडं, समुद्राच्या काठाला दिलेली. बायको वारल्यापास्नं इब्राहिम घरात एकटाच.

"जाऊन ये की मग चार दिस," फौजी म्हणाला.

"चार दिस न्हाई. ऱ्हायलाच या म्हंतीया."

 माझी काठी हलली होती. मी ओढली नाही. शेवटी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोललो, "जायाचं तर जा. पर ही कळकाची काठी घिऊन समुद्रावर हुबा ऱ्हाऊ नगंस. कराडची अब्रू जाईल!"

तिथनं रॉडचं सुरू झालं.

*

फौजीला सगळ्यातलं सगळं कळतं. समुद्र त्यानं एकदाच बघितलाय, तोही रेल्वेच्या खिडकीतनं. पण सांगतो असं, की अख्खं नौदल त्याच्या हाताखाली होतं.

त्यानं मोबाईलवरनं एक रॉड मागवला. रेडिओच्या एरियलसारखा, एकात एक जाणारा. हातभर लांबीचं ते नळकांडं आमच्यासमोर नाचवत म्हणाला, "ह्याला म्हंत्यात ट्रॅव्हल रॉड! प्रवासाचा. वढला की लांब, दाबला की खिशात."

त्याच्या घरामागं ऊस आहे. तिथं चाचणी घ्यायची ठरली. दोऱ्याला शिशाचं वजन बांधलं. फौजी पाय फाकून उभा राहिला, रॉड मागं नेला आणि सगळा जोर लावून फेकला. वजन गेलं उसात. आणि वजनाच्या मागोमाग रॉडची वरची दोन नळकांडी पण गेली उसात!

फौजी हातात रॉडची नुसती मूठ घेऊन उभा.

इब्राहिमनं विचारलं, "हवालदारसाब, पलटणीत बी आसंच फेकत व्हता का?"

"तवा म्होरं दुश्मन व्हता रं, ऊस न्हवता!"

आम्ही उसात शिरून शोधलं, उसाच्या पातीनं अंग कापून घेतलं, सापडलं काही नाही. यंदा तोड झाली की ते तुकडे कारखान्यात जातील. साखरेत काही काळं निघालं तर आमचं समजा.

*

मग आम्ही रीतसर सांगलीला गेलो. तिथं गळ-दोऱ्याचं एक दुकान आहे. मालक तरणा पोरगा, पण बोलायला बरा. त्यानं एकेक रॉड काढून पुढं ठेवला. चार तुकड्यांचा एक होता. एकात एक खोचायचा, काम झालं की सोडवून पिशवीत घालायचा. मला तो बघताक्षणी पसंत पडला. हातात घेऊन, डोळे बारीक करून वरचे आकडे वाचले. "पंधरा ते चाळीस ग्राम."

माझं डोकं फिरलं. "चाळीस ग्राम? अरं, चाळीस ग्रामचा मासा आमच्या नदीत पोरं फडक्यानं धरत्यात! समुद्रात काय कोळंबी मारायची का ह्यानं?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसायला लागली. पोरगा हसला नाही. म्हणाला, "आजोबा, ते माशाचं वजन नव्हे. दोऱ्याला जे बांधून फेकणार, त्याचं. जास्त जड फेकलं तर रॉड मोडतो, हलकं फेकलं तर लांब जात नाही."

"मग मासा किती किलोचा निघंल, ते कुटं लिवलंय?"

"ते कुठंच लिहिलेलं नसतं आजोबा. ते माशावर, आणि तुमच्यावर."

इब्राहिम रॉडवरचे आकडे बघत होता. तो म्हणाला, "मंजी फेकायचं तेवडं माणसाच्या हातात. बरूबर हाय."

फौजीनं मान हलवली, जणू त्याला हे आधीच माहीत होतं!

*

खरी कटकट पुढंच झाली.

पोरानं इब्राहिमला विचारलं, "चाचा, तुम्ही फिरतीवर असता, की समुद्राजवळच राहणार?"

"लेकीकडं चाललोय. ऱ्हायला."

"मग चार तुकड्यांचा कशाला घेता? जितके जोड जास्त, तितकी कटकट. खाऱ्या पाण्यानं जोड धरतात, मग सुटता सुटत नाहीत. ज्याला येऊन-जाऊन राहायचंय, त्याच्यासाठी घडीचा रॉड. तुम्ही हा घ्या, दोनच तुकड्यांचा. मजबूत. एकदा जोडला की कोपऱ्यात उभा करायचा."

इब्राहिमनं तो दोन तुकड्यांचा हातात घेतला. पत्र्याचा कारागीर आहे. वस्तू हातात घेतली की त्याची बोटंच बघतात. टोक छताला टेकवून त्यानं हळू दाबलं, रॉड कमानीसारखा वाकला आणि सरळ झाला. त्याला आवडलं होतं. मला दिसत होतं.

मी म्हणालो, "घडीचाच द्या."

"का रं?" इब्राहिम म्हणाला.

"एसटीत मावाय पायजे."

"अरं, एकदाच तर न्यायचाय!"

"आन परत येताना? तवा काय टपावर बसून आणणार हाईस? म्हातारा गडी, घाटात पडलास म्हंजे!"

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. फौजी उगाचच एका डबीतले गळ मोजायला लागला. इब्राहिमनं दोन तुकड्यांचा रॉड खाली ठेवला, अगदी सावकाश, आणि पोराला म्हणाला, "दे बाबा. घडीचा दे. हा माणूस आता कुणाचं ऐकत न्हाई."

मी का ऐकावं? समुद्रावर तो जाणार होता हे खरं. पण नदीवर बसणार मी होतो.

*

रॉडसोबत दुकानदारानं एक प्लॅस्टिकचा मासा दिला. डोळे रंगवलेले, पोटाला दोन गळ. तो फेकायचा आणि रॉडवरची दोरा गुंडाळायची चक्री फिरवत ओढत आणायचा, म्हणजे खरा मासा त्याला खायला मागं लागतो.

फौजी खूश! "कणीक नगं, गांडूळ नगं. मॉडर्न हाय!"

मी म्हणालो, "मॉडर्न कसलं? लबाडी हाय. आपुन गळाला कणीक लावतो. मासा मरतो, पर मरताना तोंडात घास तरी असतोय. ह्यात बिचाऱ्याला काय मिळणार? प्लॅस्टिक!"

इब्राहिम हसला. म्हणाला, "तात्या, तू माशाकडनं बोलाय लागलाईस. वय झालं तुजं."

*

जायच्या आधी एकदा त्यानं तो रॉड आमच्या जागेवर चालवून बघितला. आम्ही नेहमीसारखे त्याच्या दोन अंगाला बसलो. त्यानं रॉड डोक्यावरनं मागं घेतला आणि थांबला.

"वाईच लांब सरका."

आम्ही सरकलो.

"आजून. गळ लागंल डोळ्याला."

आणखी सरकलो. सरकत सरकत फौजी पार बाभळीपाशी गेला, मी दगडावर. मग त्यानं फेकला. त्या हडकुळ्या हातानं फेकलेला प्लॅस्टिकचा मासा नदीच्या मध्यापर्यंत गेला! गोल फिरत, चमकत. लगेच चक्री फिरवायची, ओढायचं, परत फेकायचं. बसणं नाही. बोलणं नाही. आम्ही आपले दोन टोकांना.

फौजी बाभळीखालनं ओरडला, "इब्राहिम, ह्यात बसायचं कवा?"

"न्हाई बसायचं ह्यात!"

त्या दिवशी आम्ही लवकरच घरी गेलो.

*

आपलं पेट्यांचं दुकान कायमचं बंद करताना इब्राहिमनं शेवटची वस्तू केली ती त्या रॉडची नळी. पत्रा कापला, गोल केला, कथलाचा डाग देऊन सांधा जोडला, वर कडीचं झाकण बसवलं. चार तुकडे आत अलगद बसतील, खुळखुळणार नाहीत, इतकी बेताची. ट्रंकेला देतो तसाच काळा रंग दिला.

स्टँडवर चिपळूणच्या गाडीत आम्ही त्याला बसवलं. नळी वरच्या फळीवर आडवी बसली, बोटभर जागा राहिली.

मी खाली उभा राहून म्हणालो, "बघ! मावली का न्हाई?"

"मावली बाबा," तो खिडकीतनं म्हणाला.

माझं म्हणणं खरं निघालं म्हणून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

*

पावसाळा गेला. फोन यायचे. तांबोशी लागली, एक मोठा मासा दोरा तोडून गेला, नातवाला पोहायला येतंय, असलं सगळं सांगायचा. कवा येतोस ते मी विचारायचो. "बगू," म्हणायचा. थंडी पडली तसं फौजी म्हणाला, "त्यो न्हाई येत. आपुन जाऊया."

गेलो. समुद्राला लागून शमीमचं घर, पुढं पडवी. पडवीच्या कोपऱ्यात तो रॉड उभा. पुरा जोडलेला. वर शमीमनं एक टॉवेल वाळत घातलेला!

मी म्हणालो, "नळीत ठेवत न्हाईस व्हय?"

"रोजचंच हाय की रं. कुणी जोडायचं आन सोडायचं."

"नळी कुटाय?"

शमीम आतनं म्हणाली, "चाचा, नळी माझ्याकडं हाय. सुके बोंबील भरलेत त्यात. एक मुंगी शिरत न्हाई बगा!"

मी टॉवेल काढला, रॉड आडवा घेतला आणि जोड सोडवायला लागलो. सुटेना. फौजीला म्हणालो, तिकडनं धर. दोघं दोन टोकांनी ओढायला लागलो. शमीमनं गरम पाणी आणलं, साबण आणला. जोड हलायला तयार नाही. इब्राहिम बाजूला उभा राहून बघत होता.

"तात्या, धरलाय त्यो. सोड. मोडंल."

"मोडू दे!"

शमीम चहा आणते म्हणून आत गेली.  मी सोडलं. हाताला वळ उठले होते.

इब्राहिमनं रॉड खांद्यावर टाकला. "चल. पाणी भराय लागलंय. भरतीला मासा काठाला येतोय."

खडकावर गेलो. मी न सांगता लांब जाऊन बसलो, फौजी दुसऱ्या अंगाला. इब्राहिमनं दोनदा फेकला, दोनदा ओढून आणला. मग रॉडचं बूड खडकाच्या फटीत रोवलं आणि येऊन माझ्या शेजारी बसला. फौजीलाही हात करून बोलावलं.

मी बघितलं, प्लॅस्टिकचा मासा वाऱ्यावर लोंबकळत होता.

"अरं, गळ पाण्यात न्हाई तुजा!"

"आसू दे," इब्राहिम म्हणाला.

अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो.

निघायच्या दिवशी तो चिपळूण स्टँडपर्यंत सोडायला आला. बगलेत ती नळी. बोंबील काढून, धुऊन, उन्हात वाळवलेली. गाडी लागली तशी त्यानं ती माझ्या हातात दिली आणि माघारी वळला.  

घाट चढायला लागल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत आला, आमच्यापाशी थांबून नाकानं हुंगायला लागला. "आजोबा, ह्या नळीत सुकट हाय काय?"

"सुकट न्हाई. समुद्रातल्या माशांचा रॉड ठेवायची नळी हाय ती. घडीचा असतोय. एसटीत मावतो."

"बगू, उगडा."

मी कडी काढली. त्यानं आत डोकावलं, उलटी करून हलवली.

"ह्यात तर कायच न्हाई! रॉड कुटाय?"

मी झाकण लावलं, नळी मांडीवर घेतली आणि म्हणालो,

"घ्यायचा हाय."