कार्डावर मेलेली बारा पिल्लं

पिल्लाच्या चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांना खपल्या धरल्या होत्या. पापण्या चिकटलेल्या. ओल्या कापसाने डोळा पुसला तर खालून लालभडक कातडी निघाली. पाय उलटा करून पाहिला. वय चौदा दिवस, आणि तळवे उन्हाळाभर अनवाणी फिरलेल्या माणसासारखे तडकलेले.

"म्याडम, देवी हाय का?" शोभाबाईंनी विचारलं.

"बघू द्या," मी म्हटलं. म्हणजे मला माहीत नव्हतं.

मी एका पोल्ट्री कंपनीत डॉक्टर आहे. कोंबड्यांची. ब्रँच नांदेडची, आणि शेड हदगावपासून देगलूरपर्यंत पसरलेली. आमची पद्धत अशी की पिल्लं, फीड आणि औषधं कंपनीची; शेड, पाणी आणि राबणं शेतकऱ्याचं. पक्षी वाढले की कंपनीची गाडी येऊन उचलून नेते. बॅच चांगली निघाली तर पुढची पिल्लं मिळतात. नाही निघाली तर सुपरवायझर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतो, आणि मग फोन उचलायचा बंद होतो. देगलूरच्या त्या भागात पिल्लं देणारी आमचीच एक कंपनी आहे. तिने हात आखडला की शेड रिकामं.

शोभाबाईंच्या तीन बॅच उत्तम निघाल्या होत्या. नवरा हैदराबादला बांधकामावर. चार हजार पक्ष्यांचं शेड त्या एकट्या सांभाळायच्या, आणि असं सांभाळायच्या की मी नवीन शेतकऱ्यांना त्यांचं शेड दाखवायला न्यायची. चौथ्या बॅचला हे झालं. शंभरातल्या तीस-चाळीस पिल्लांची तोंडं खपल्यांनी भरलेली.

देवी कोंबड्यांनाही येतात. डास पसरवतात. पण त्यात तुऱ्यावर दाण्यासारखे फोड उठतात, ते इथे नव्हते. मेलेली तीन पिल्लं कापून पाहिली. लिव्हर ठीक, आतडी ठीक. आत सगळं साफ, बाहेर कातडी सोललेली.

ब्रँच मॅनेजर बिराजदारसरांना फोन लावला.

"लिटर ओलं असंल," सर म्हणाले.

लिटर म्हणजे जमिनीवर अंथरलेलं भाताचं तूस. ते ओलं राहिलं की विष्ठेतून वाफ सुटते आणि पिल्लांचे डोळे, पाय भाजतात. मी मूठभर तूस उचलून दाबलं. ओलं असतं तर लाडू वळला असता. मूठ उघडली तर सगळं भुर्रकन खाली.

"सर, कोरडं आहे."

"तुम्ही येणार म्हणून वरचा थर बदलला असंल. मॅडम, लिटर म्हणून लिहा आणि निघा. दोन शेड बाकी हायत तुमचे."

आमच्याकडे कातडीचं काहीही झालं की दोष लिटरचा. कारण लिटर शेतकऱ्याचं असतं. फीड कंपनीचं असतं, म्हणून फीडला कधी काही होत नाही. आठ वर्षांत मीही कितीतरी वेळा "लिटर मॅनेजमेंट पुअर" लिहून सही ठोकली आहे. त्यातलं किती खरं होतं ते आता विचारू नका.

पेन काढलंच होतं. तेवढ्यात शोभाबाई म्हणाल्या, "तुमी वरडनार न्हाई ना? वरडनार नसाल तर एक दावते."

त्या मला घरात घेऊन गेल्या. स्वयंपाकाच्या खोलीत चुलीपासून जरा बाजूला वेळूचं डालगं पालथं घातलेलं. उचललं. खाली बारा पिल्लं. कंपनीची पांढरी पिल्लं, त्याच लॉटची.

"पयल्या दिवशी सुपरवायजर म्हनले, ही लंगडी-बारकी हायत, मान मुरगळा अन् खड्ड्यात टाका. माझ्याच्यानं झालं न्हाई, म्याडम. शेडातल्या नोंदीच्या कार्डावर मेली म्हनून लिवली, अन् घरात आनली."

मी एक हातात घेतलं. एक पाय वाकडा, अंगाने लहान. पण तोंड स्वच्छ. डोळे टकटकीत. तळवे मऊ. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. बाराच्या बारा तशीच.

"खायला काय घालता?"

"काय घालनार? जवारीच्या कन्या, शेवग्याचा पाला. बांधावरची वाळवी आनून टाकते, ती लई आवडीनं खातेत."

एकाच दिवशी अंड्यातून निघालेली पिल्लं. पाणी एका बोअरचं, सांभाळणारी बाई एक. फरक फक्त खाण्याचा. कॉलेजात असा प्रयोग करायला परवानग्या काढाव्या लागतात. या बाईने तो दयेपोटी करून ठेवला होता, आणि मला इतका आनंद झाला की मी तिला शाबासकी द्यायचीही विसरले. धावत फीडच्या खोलीत गेले.

पोत्यांच्या तोंडाशी शिवलेल्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा वाचल्या. फीड कधीच जुनं झालेलं. माझ्यासोबत आलेल्या सुपरवायझर शिवराजला विचारलं, हे आलं कुठून?

"हदगावहून शिफ्ट केलं, म्याडम. तिथं पिल्लं पडनार होती, पन उन्हामुळं बॅच कॅन्सल झाली. पोती सगळा उन्हाळा पत्र्याखाली पडून व्हती. सर म्हनले, वाया कशाला घालता, देगलूरला टाका."

शिफ्टिंग म्हणजे एका शेडवर उरलेलं फीड दुसरीकडे वापरणं. रोजचंच काम. पण मराठवाड्याच्या उन्हात, पत्र्याखाली, फीडमधली जीवनसत्त्वं टिकत नाहीत. बी गटातली दोन-तीन कमी पडली की पिल्लाची पहिली कातडी जाते. चोच, पापण्या, पाय. माझ्यासमोर होतं ते नेमकं हेच.

"शिफ्टिंगला डॉक्टरची सही लागते," मी जरा आवाज चढवूनच म्हटलं.

शिवराजने खिशातून शिफ्टिंगची स्लिप काढली आणि माझ्यापुढे धरली. कोपऱ्यात माझीच इनिशियल होती. गाडीत बसताना कधीतरी दहा स्लिपांच्या गठ्ठ्यावर मारलेली.

जुनं फीड त्याच दिवशी बाहेर काढलं. नवीन मागवलं, पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स सुरू केलं. शोभाबाईंनी प्रत्येक पिल्लाचे डोळे कोमट पाण्याने पुसले. हजारोंचे, हाताने. आठवड्याभरात खपल्या गळायला लागल्या. काही गेली, बरीच वाचली. बॅच ठीकठाक निघाली.

मी रिपोर्ट लिहिला. जीव ओतून लिहिला. लिटर कोरडं, देवी नाही, पोस्टमॉर्टेम स्वच्छ. आणि सगळ्यात मोठा पुरावा: याच लॉटची बारा पिल्लं पहिल्या दिवसापासून घरात, घरच्या खाण्यावर वाढवलेली, एकालाही त्रास नाही. फोटोही जोडले. जुनं फीड शिफ्ट झाल्याचंही लिहिलं. ते कुणाच्या सहीने झालं, ते लिहिलं नाही. त्याची गरज नाही असं मी स्वतःला सांगितलं.

दहा-बारा दिवसांनी सरांनी बोलावलं.

"मॅडम, रिपोर्ट एक नंबर. हेड ऑफिस खूष. जुनं फीड सगळीकडून उचलायला सांगितलंय. तुमचं नाव घेतलं मीटिंगमधी."

मी हसले असेन. लाज वाटते, पण हसले.

"आणि ती देगलूरची बाई बंद केली," सर त्याच सुरात म्हणाले.

"बंद? का?"

"कार्डावर बारा मेलेली. तुमच्या रिपोर्टात बारा जिवंत, फोटोसकट. कंपनीचा माल घरात लपवला. करारात काय हाय? खोटी नोंद, बॅच बंद."

"सर, लंगडी पिल्लं होती ती. आपणच मारून टाकायला सांगितलेली. तिने ती ठेवली नसती तर आपल्याला कारण कळलंच नसतं."

"कळलं ना आता?"

"मी तो परिच्छेद काढते. दुसरा रिपोर्ट पाठवते."

"मॅडम, मेल गेली. ऑडिटवाल्यांनी वाचली. आता काढलात तर विचारतील, का काढला. मग सगळ्याच स्लिपा निघतील." सरांनी माझ्याकडे पाहिलं. "राहू द्या."

मी राहू दिलं. ओरडता आलं असतं, दार आपटता आलं असतं, माझी स्लिप टेबलावर ठेवता आली असती. मी सरांचा चहा पिऊन बाहेर आले.

शोभाबाईंना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून गेले. शेड धुऊन काढलेलं. भिंतींना चुना मारलेला, ताजं तूस अंथरलेलं, पाण्याची भांडी घासून उन्हात पालथी घातलेली. त्या पुढच्या पिल्लांची वाट बघत होत्या.

"कदी येतेत, म्याडम?"

मी सांगितलं. कार्डाचं, रिपोर्टचं, बॅच बंद झाल्याचं.

"माझ्या घरातलं तुमी कागदावर लिवलं?"

"हो."

"अन् पोत्याचं?"

"तेही लिहिलं."

त्यांनी जरा विचार केला. चिडल्या नाहीत. हिशोब समजून घेतल्यासारखं म्हणाल्या, "मग ज्येनं ती पोती धाडली, त्येचं बी काम बंद झालं आसंल."

"नाही," मी म्हटलं.

माझी इनिशियल त्यांना सांगावी असं वाटलं. सांगितली नाही. त्यांनी मला पाणी दिलं, मी प्यायले आणि गाडीत बसले.

ते शेड अजून रिकामं आहे. मी नोकरीत आहे, आणि नव्या डॉक्टरांना तो रिपोर्ट ट्रेनिंगमध्ये नमुना म्हणून दाखवतात. कोणीतरी हमखास विचारतं, मॅडम, चांगला रिपोर्ट कसा लिहायचा? मी सांगते, जे दिसलं ते लिहा, आणि शेतकऱ्याने विश्वासाने काय दाखवलं ते लिहिण्याआधी आपण स्वतः काय केलं ते लिहा. मी उलटं केलं. सगळ्यांचं खरं लिहिलं, माझं सोडून.