पापाचा वारा

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा फार जुना गैरसमज आहे. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर फोडायला घेतला, त्या सुमाराची ही गोष्ट. सव्वीस जानेवारीला शाळेत मी सौरऊर्जेवर भाषण ठोकलं. टाळ्या पडायला लागल्या तसा चेकाळलो आणि म्हणालो, "कोळसा जाळून वीज करणं हे पाप आहे, पाप!"

पहिल्याच रांगेत आमचे बाबा बसले होते. लेकाचं कौतुक बघायला म्हणून मीच त्यांना नेलं होतं. बाबांनी तीस वर्षं विदर्भात कोळशाच्या वीज केंद्रात बॉयलरवर काढली. आई आणि मी पनवेलला. ते शिमग्याला आणि गणपतीला तेवढे घरी यायचे. त्या कोळशावर मी बीएस्सी झालो आणि मग कोळसा पाप आहे हे मला कळलं. शहाणा की नाही?

बाबा घरी आले. खोलीतला पंखा बंद केला आणि खिडकीशी बसले. मार्च गेला, एप्रिल आला. पनवेलचा एप्रिल म्हणजे अंगाला चिकटलेला शर्ट सोलून काढावा लागतो. मी पंखा लावला की ते उठून बंद करायचे. "पापाचा वारा नको आमाला," एवढंच. जन्म पनवेलजवळच्या नेरे गावाकडचा, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. पाठभर घामोळं उठलं, त्यात वय त्र्याहत्तर. मला भीती वाटायला लागली.

"जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं तुमचं?" बायको म्हणाली. "जा, माफी मागा."

माफी? आणि विज्ञानाच्या मास्तराने? छे! त्यापेक्षा घराच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवणं मला सोपं वाटलं.

हो-ना करता करता पॅनल बसले ते जूनच्या तोंडावर. सोलरवाल्याने मीटर, वायर सगळं समजावलं. पावसात काय करायचं ते मी विचारलंच नाही, कारण मला ते माहीत होतं! पाऊस आला की आमच्याकडे सगळं झाकतात. लाकडं झाका, स्कूटर झाका, बाल्कनी झाका. दुसऱ्याच दिवशी सरी सुरू झाल्या तसा मी निळी ताडपत्री घेऊन वर धावलो. तासभर वाऱ्याशी कुस्ती खेळून चारी कोपरे दोरीने आवळले आणि नखशिखान्त भिजून खाली आलो. बघतो तर काय, बाबांच्या खोलीत पंखा गरगरतोय!

"बघा बाबा, सूर्याचा वारा!" ओल्या कपड्यांनी नाचायचाच बाकी होतो मी.

बाबा डोळे मिटून पडले होते. "हां. गार हाय," म्हणाले.

पुढे दोन महिने घरी येईल त्याला त्या पंख्याखाली बसवून मी व्याख्यान दिलं. मग श्रावणात सोलरच्या मीटरकडे लक्ष गेलं. आकडा शून्य. सोलरवाल्याला फोनवर चांगला झापला. तो बिचारा आला, गच्चीवर जाऊन आला आणि जिन्यातच हसत बसला.

"सर, ते पावसात भिजायलाच बनवलेत हो! तुम्ही तर त्यांना गोधडीत गुंडाळून ठेवलंय."

"मग पंखा कशावर चालतोय?"

"नेहमीच्या लाइनवर. कोळशावरच की."

तो हसला त्याचं काही वाटलं नाही. पण दोन महिने मी बाबांना फसवलं होतं, त्याची लाज वाटली. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाबा, चुकलो. हा वारा अजून कोळशाचाच आहे. आणि त्या दिवशी मी भाषणात जे काही..."

"ठावं हाय मला," बाबा म्हणाले. "तीस वर्षं वीज केली मी. झाकलेल्या काचेतून ती येत नाय, एवढं मला कळत नाय होय?"

"मग त्या दिवशी पंखा कसा लावलात?"

"जिन्यात येऊन बघितलं तुला. वर पावसात एकटाच दोऱ्या आवळत व्हतास." बाबांनी मान वळवली. "म्हटलं, आपण पंखा लावल्याबिगर ह्यो काय थांबायचा नाय."