या आठवड्याचं सत्कर्म

संस्कार वर्ग चालवून मुलांवर संस्कार किती होतात ते देव जाणे, बाईकडे किस्से मात्र भरपूर जमतात! मोर्शीला मारुतीच्या देवळात दर रविवारी माझा वर्ग असायचा. प्रत्येकानं आठवड्यातलं एक सत्कर्म सांगायचं, वर्षाअखेर बक्षीस. माझा स्वभाव मुळात संशयी, आणि मुलं तर एकेक नग!

*

पहिल्या रविवारी अर्ध्या वर्गाचं सत्कर्म एकच: "तुळशीले पानी घातलं!" मला तेव्हाच वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. दुसऱ्या दिवशी पुजारी कुजलेल्या तुळशीची कुंडी घेऊन दारात.

"बाई, पुण्य पुरे करा आता!"

*

प्रमोदनं खाली पडलेली संत्री बागवाल्याला नेऊन दिली. मी टाळ्या वाजवायला लावल्या. आठवड्यानं बागवाला स्वतः हजर.

"तुमचा वर्ग बंद कधी होते? पोट्टे झाडं हलवून संत्री पाडतेत, अन् मलेच वापस आनून देतेत!"

*

प्रमोदचा दोस्त सलीमही येऊन बसायचा. एकदा त्याचे अब्बा आले. आता काय ऐकावं लागतं कोण जाणे!

ते म्हणाले, "बाईजी, मदरशात मौलवीसाहेबबी एक नेकी इचारतेत. एकच नेकी दोनीकडं चालते काय, म्हनून राह्यला हा."

चालते म्हटलं.

*

एका आईला माझ्याहून जास्त संशय. "बाई, पोरगा न सांगता ताट उचलून राह्यला. खरं सांगा, काय फोडलं त्यानं?"

टीव्हीचा रिमोट विहिरीत सापडला.

*

आणि वैशाली. त्या वर्षी आजूबाजूच्या गावांतून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या एकसारख्या यायच्या, पेपर उघडायची भीती वाटायची. हिचं मात्र दर रविवारी तेच सत्कर्म. "बाबाच्या मांगं मांगं फिरली." वावरात, गोठ्यात, पारावर. मुलं खो खो हसायची. मला वाटलं, पोरगी कामचुकार आहे, फुकट बक्षीस पाहिजे हिला. शेवटी मी चिडलेच.

"पुन्हा हेच सांगितलंस तर बक्षिसातून नाव काढीन!"

"काढा न बाई," ती दप्तर उचलत म्हणाली. "पन मले आज लवकर जाऊ द्या. आई बाजारात गेली. बाबा घरी एकलेच हायेत."