फाईलसोबत फिरलेली चिठ्ठी

तेर गावाहून एसटीनं येणारे हे गृहस्थ धाराशिवच्या आमच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. काहीही विचारलं की आधी पेनाला टोपण लावायचे, मग बोलायचे.

कचेरीतल्या कामाचा फापटपसारा कसा कमी करावा, याचं आम्हाला दोन दिवस प्रशिक्षण झालं. जेवण चांगलं होतं. बाकीचं मनावर घेतलं ते यांनी एकट्यानं. एका अर्जाला त्यांनी कोरी चिठ्ठी टाचली आणि प्रत्येक टेबलावर त्याचं नेमकं काय झालं, ते तिच्यावर लिहीत गेले. माझ्या टेबलावर टिपणी तयार झाली. पुढच्या टेबलावर फाईल दोन दिवस पडून राहिली आणि तिच्यात 'सादर' एवढा एकच शब्द वाढला. ते टेबल त्यांचंच होतं. ते कमी करावं, असं त्यांनी अहवालात लिहून दिलं.

"अहो, स्वतःचं तरी वगळायचं," मी म्हणालो.

"मग म्या मोजलं कशाला?"

साहेबांनी लगेच मंजुरी दिली. हे गृहस्थ दाराजवळच्या आवक खिडकीवर गेले आणि माझ्या फायली थेट साहेबांकडे जाऊ लागल्या. आठवड्यात नऊ परत आल्या. कुठं गट नंबर चुकलेला, कुठं तारीख. इतकी वर्षं फाईल त्यांच्या टेबलावर पडून राहायची, त्या दोन दिवसांत हा माणूस माझ्या चुका गुपचूप दुरुस्त करत होता.

मी खिडकीशी गेलो. "हे चिठ्ठीवर का नाही लिहिलंत?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"लिवलं असतं तर तुमचं टेबल गेलं असतं."